वेलचीची जाहिरात आणि नावाची पत

क्रिकेटचा सामना रंगात आला असता मध्येच एखादा नामांकित नट वेलचीचे गुणगान करतो. पाहणाऱ्याला मात्र त्या नावावरून पानमसालाच आठवतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमिताभ बच्चन यांनी पानमसाल्याच्या जाहिरातीतून माघार घेऊन मानधन परत केले. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार यांनी अशाच वेलचीच्या जाहिरातीबद्दल चाहत्यांची क्षमा मागितली व मानधन सत्कार्यास देण्याचे जाहीर केले. तथापि कराराची मुदत संपेपर्यंत ती जाहिरात दिसू शकेल, असेही कळविले. व्यापारी कुटुंबांना यातील मर्म सांगावे लागत नाही. घेतलेली रक्कम परत करता येते. दिलेले नाव मुदतीआधी परत येत नाही. मुलांसमवेत जाहिरात पाहताना हा हिशेब त्यांना अवश्य समजावावा.