नियमाचा आत्मा म्हणे!

‘नियमाचा आत्मा’ हे शब्द कानावर आले की माझ्या कपाळाला आठी पडते. मोटारींच्या शर्यतीत कुणा इंजिनिअरने नियमपुस्तक नीट वाचून युक्ती काढली की हरलेली मंडळी लगेच हा आत्मा बाहेर काढतात. शब्दांत काही सापडत नाही ना, मग आत्मा! आमचा भाचा या शर्यतींचा भक्त, त्याचंही तेच. "मावशी, तू चक्क चीटिंगची बाजू घेतेस?" नाही बाबा, मी वाचणाऱ्याची बाजू घेते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. गिअरबॉक्समधलं मला ओ की ठो कळत नाही, पण वाक्य कळतं.

१९७८ सालचंच घ्या. फॉर्म्युला वनमध्ये त्या वर्षी कॉलिन चॅपमनच्या लोटस गाडीपुढे कुणाचं काही चालत नव्हतं. तिच्या पोटाचा आकार विमानाचा पंख उलटा धरावा तसा. खालून जाणारी हवा गाडीला रस्त्याकडे ओढून धरायची, म्हणून वळणावरही वेग टिकायचा. ब्रॅबम संघाच्या गॉर्डन मरेला याची नक्कलही करता येईना, कारण त्याचं अल्फा रोमिओचं बारा सिलिंडरचं इंजिन आडवं पसरलेलं, खाली जागाच नाही. मग त्याने नियम वाचला. ज्या भागाचं मुख्य काम हवेच्या दाबाचा फायदा घेणं आहे, तो हलता असू नये, असा त्याचा अर्थ होता. मरेने रेडिएटर इंजिनाच्या वर आडवा ठेवला आणि गाडीच्या मागे एक भला मोठा पंखा बसवला. पंखा रेडिएटर गार करी आणि त्याच दमात गाडीखालची हवा उपसून तिला रस्त्याला चिकटवी. उभ्या गाडीचं इंजिन जरा जोरात फिरवलं तरी ती खाली बसायची म्हणतात! निम्म्याहून जास्त हवा गार करायला लागते, तेव्हा मुख्य काम तेच, असं मरेचं म्हणणं.

१७ जून १९७८ ला स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला निकी लाउडा ही गाडी घेऊन उतरला आणि ३४ सेकंदांनी जिंकला. एकच ओरड झाली. पंखा मागच्यांवर खडे उडवतो इथपर्यंत! विजय कायम राहिला, पण ती गाडी पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. मालक बर्नी एक्लस्टन हेच संघांच्या संघटनेचे पुढारी, त्यांना ती एकी मोडायची नव्हती. पुढे पंख्यांवरच बंदी आली.

आता मला सांगा, ‘मुख्य’ हे विशेषण तिथे कुणी घातलं? मरेने नाही. विशेषण नामाची व्याप्ती आवळतं, हे आम्ही शाळेतल्या पोरांना शिकवतो. नियम लिहिणाऱ्याने ते वापरलं, तर त्याची किंमतही त्यानेच मोजावी. शिवाय पंखा लपवलेला नव्हता. (उभ्या गाडीत त्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण ठेवायचे, ते सोडा.) तो खरोखर रेडिएटर गार करत होता. वळणावरचा वेग जिवावर बेतेल ही भीती मात्र मला मान्य आहे. मग नियम बदला ना, उघडपणे, पुढच्यासाठी. जिंकणाऱ्याला चोर कशाला म्हणता?

लबाडी वेगळी असते, आणि ती याच संघाने नंतर केली. १९८२ च्या ब्राझीलच्या शर्यतीत ब्रॅबम आणि विल्यम्सच्या गाड्यांत ब्रेक गार करायला म्हणून पाण्याच्या टाक्या होत्या. पाणी सुरुवातीलाच ओतून टाकायचं, हलक्या गाडीने पळायचं आणि वजन करण्याआधी टाकी पुन्हा भरून काट्यावर ५८० किलो दाखवायचे. नाव ब्रेकचं, काम काट्याचं! नेल्सन पिके पहिला आणि केके रोझबर्ग दुसरा आला होता, दोघेही बाद झाले. बरं झालं.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट या दोन्हींच्या मधली. १९८१ ला नियम आला की गाडी रस्त्यापासून ६ सेंटीमीटर वर हवी. मोजायचं कधी? गाडी उभी असताना! धावत्या गाडीखाली पट्टी कोण घालणार? मरेने अशी सस्पेन्शन बनवली की वेगात हवेच्या दाबाने गाडी खाली बसे आणि परत येताना हळूहळू वर उठे. मोजायला जावं तर बरोबर ६! इथे माझंही मन थोडं डगमगतं. पण जे तपासता येत नाही ते परीक्षेत विचारू नये, एवढं तर बी.एड.ला शिकवतात. पिके त्या वर्षी ५० विरुद्ध ४९, एका गुणाने जगज्जेता झाला. आणि आत्म्याच्या नावाने गळा काढणाऱ्या इतर संघांनी? त्यांनी त्याच मोसमात आपापल्या गाड्या खाली बसवायच्या युक्त्या केल्या, काहींनी तर ड्रायव्हरच्या हाताशी बटणच दिलं. त्या आत्म्याचं तेव्हा काय झालं, ते कळवा भाचेबुवा.