अर्ध्यावरून परतण्याचा हिशेब

मराठी घरात मुलाला अक्षरओळख होण्याच्या आधीच एक शिकवण मिळते : पानात घेतलेलं टाकायचं नाही. पुढे हीच शिकवण ताटावरून आयुष्याकडे सरकते. लावलेला क्लास सोडायचा नाही, घेतलेली शाखा बदलायची नाही, हाती घेतलेलं काम तडीस न्यायचं. शिकवण चांगलीच आहे. पोटाला चिमटा घेऊन मुलं शिकवणाऱ्या घरांत ती टिकली नसती, तर आपल्यापैकी बरेच जण आज जिथे आहेत तिथे पोचले नसते. पण आपली भूक किती हे नीटसं कळत नसलेल्या वयात वाढून घेतलेलं पान पुढची पाचसहा वर्षं मान खाली घालून संपवतच बसायचं का, हा प्रश्न उरतो. शाळेतल्या मुलापुढे तो येत नाही. येतो तो पदवीनंतर, चोवीस ते तीस या वयात. म्हणजे स्वतःचं आयुष्य सुरू होण्याच्या ऐन वेळी.

ओळखीच्या घरांतून हे अलीकडे वरचेवर कानावर येतं. कुणाची मुलगी, कुणाचा भाचा एम.एस्सी. उत्तम गुणांनी होऊन पीएच.डी.ला लागतो. घरी पेढे वाटले जातात. पहिलं वर्ष उत्साहात जातं. दुसऱ्या वर्षी फोनवरचं बोलणं कमी होतं. तिसऱ्या वर्षी ‘कसं चाललंय?’ या प्रश्नाला ‘चाललंय’ एवढंच उत्तर येतं, आणि काम वाढलं असेल अशी आईवडील आपली समजूत घालून घेतात. रसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्या अशाच एका मुलीने मला विचारलं, ‘‘काका, आता सोडलं तर तीन वर्षं फुकट गेली असंच ना?’’

मी उभी हयात बँकेत काढली. ‘फुकट गेलं’ या शब्दांशी माझा जुना परिचय आहे. एखाद्या कारखान्याचं कर्ज थकतं. ते बुडालं असं कागदावर मान्य करायचं तर वरच्या ऑफिसला उत्तरं द्यावी लागतात. मग एक पळवाट निघते. त्याच कारखान्याला आणखी एक कर्ज द्यायचं, त्या पैशातून जुन्याचे हप्ते भरून घ्यायचे आणि खातं व्यवस्थित चालू आहे असं दाखवायचं. बँकेच्या भाषेत याला ‘एव्हरग्रीनिंग’ म्हणतात. नाव सदाहरित, पण झाड मुळातून वाळलेलं. रिझर्व्ह बँक याला बंदी करते ती उगीच नव्हे. आधी दिलेले वीस लाख आज कारखाना चालला काय किंवा बंद पडला काय, दिले गेलेलेच असतात. पुढचा एक लाख द्यायचा की नाही हे त्या एक लाखाचं काय होणार यावरच ठरवायचं असतं.

त्या मुलीची तीन वर्षंही अशीच खर्ची पडलेली आहेत. ती राहिली तरी, आणि गेली तरी. तिच्या हातात आहेत ती पुढची वर्षं. ती थोडी नव्हेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. ही सवलत अडचणीत सापडलेल्यांच्या सोयीसाठी आहे आणि ती हवीच. पण ज्याचं मन उडालं आहे त्याला हाच नियम दहा वर्षांपर्यंत ‘चाललंय’ म्हणत राहण्याची मुभाही देतो.

तेव्हा सोडून मोकळं व्हा, असं सांगायला मी हा लेख लिहीत नाही. चांगला बँकवाला कारखाना अडचणीत दिसला की लगेच टाळं ठोकत नाही. आधी दुखणं कुठलं ते पाहतो. माल खपतो आहे पण पैसा वेळेवर हाती येत नाही, हे एक दुखणं. मालाला गिऱ्हाईकच नाही, हे दुसरं. पहिल्यावर उपाय असतो. संशोधनातही तसंच आहे. प्रयोग फसले, पेपर परत आला, म्हणून खचणं हे पहिल्या जातीचं दुखणं. या वाटेवर ते येतंच, आणि चारसहा महिन्यांत ओसरू शकतं. गाइडशी पटत नसेल तर अनेक विद्यापीठांत गाइड बदलण्याची तरतूद असते. ती वाचावी, विभागप्रमुखांना भेटावं. तब्येत बिघडली असेल, रात्र रात्र झोप लागत नसेल, तर आधी डॉक्टर आणि मग निर्णय. तापात कागदावर सही करू नये.

पण प्रयोग जमला तरी आनंद होत नाही, अशी वेळ आली की दुखणं दुसऱ्या जातीचं समजावं. त्या मुलीला मी एवढंच म्हणालो, की तुझ्या पुढे दहा वर्षं असलेल्या, याच क्षेत्रात उत्तम चाललेल्या बाईंकडे बघ. त्यांचं पारितोषिक, परदेशातली परिषद बघू नकोस. त्यांचा साधा मंगळवार बघ. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या काय करतात? तो मंगळवार तुला हवासा वाटतो का?

थोरामोठ्यांचे दाखले या बाबतीत जपून वापरावेत, कारण अर्ध्यावर सोडून यशस्वी झालेल्यांचीच चरित्रं लिहिली जातात. तरी एक सांगण्याजोगा आहे. वेंकी रामकृष्णन यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच.डी. पूर्ण केली, पण त्या विषयात आपलं मन नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. मग डॉक्टरेट हाती असताना ते कॅलिफोर्नियात जीवशास्त्राच्या वर्गात पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले, आणि दोन वर्षांनी ती दुसरी पदवी न घेताच येल विद्यापीठात कामाला निघून गेले. २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. न आवडलेलं त्यांनी पूर्ण केलं आणि आवडलेलं अर्ध्यावर सोडलं! दोन्ही वेळा पदवीपेक्षा पुढे काय काम करायचं याला त्यांनी महत्त्व दिलं. आणि सोडलेलं दार कायमचं बंद होतं असंही नाही. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९७४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातलं खगोलशास्त्राचं संशोधन बाजूला ठेवलं आणि २००७ साली, साठीला पोचताना, ते पूर्ण केलं.

आता थोडं व्यवहाराचं. सोडण्याचं नक्की झालं तरी तडकाफडकी सोडू नये. हातातला एखादा पेपर किंवा प्रकरण पुरं होत असेल तर करावं, गाइडचं पत्र घ्यावं, कागदपत्रं ताब्यात घ्यावीत. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पीएच.डी. सोडणाऱ्याला तोवरच्या अभ्यासावर मास्टर्सची पदवी मिळते, ती मागावी. तिथे एफ-१ व्हिसावर असलेल्या मुलाने परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन अभ्यासक्रम सोडला तर देश सोडायला पंधरा दिवस मिळतात. न सांगता सोडला तर तेवढेही नाहीत. शैक्षणिक कर्ज असेल तर त्याची परतफेड अभ्यासक्रमाच्या मुदतीशी बांधलेली असते, म्हणून बँकेत आधी जाऊन बोलावं. हप्ता थकल्यावर येणाऱ्या माणसापेक्षा थकण्याआधी येणाऱ्याचं ऐकून घेणं आम्हाला नेहमीच सोपं गेलं आहे. आणि ज्यांना शिकवायची आवड आहे पण प्रयोगशाळेची नाही, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं : जुलै २०२३ पासून आयोगाने सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता ठरवली आणि पीएच.डी. ऐच्छिक केली. निवडीत तिला वजन असतं, पुढच्या पदांसाठी ती लागते; पण ती नसली म्हणजे वर्गाचं दारच बंद, असं नाही.

एक गोष्ट मात्र पोट भरलेल्या आपल्यासारख्यांनी विसरू नये. ‘आवडत नाही तर सोड’ हे म्हणणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. २०२३ सालापासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये झाली. घराण्यात पहिल्यांदा विद्यापीठाची पायरी चढलेल्या एखाद्या मुलाच्या त्या पैशांवर गावाकडचं घर चालत असतं, धाकट्या बहिणीची फी जात असते. त्याने दुसरी नोकरी हाती आल्याशिवाय पाऊल उचलू नये, आणि न आवडणारं काम त्याने घरासाठी पूर्ण केलं तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. तोही पुढच्या वर्षांचाच हिशेब आहे. फक्त त्यात माणसं जास्त आहेत.

राहता राहिले आपण, म्हणजे आईबाप, मामा-काका. ही मुलं सोडायला जेवढी भीत नाहीत तेवढी घरी सांगायला भितात. लग्नाच्या पत्रिकेबरोबर दिलेल्या माहितीत ‘पीएच.डी. करत आहे’ असं आपण लिहून बसलेलो असतो. सोसायटीत सांगून झालेलं असतं. ‘आता दोनच वर्षं राहिली की’ हे आपण प्रेमानेच म्हणतो, पण ऐकणाऱ्याला ते दाराला कडी लावल्यासारखं ऐकू येतं. मग मूल गप्प होतं आणि एका वर्षात मिटलं असतं ते चार वर्षं लांबतं. संशोधन न जमल्यामुळे जेवढं नुकसान होतं त्याहून कितीतरी जास्त या गप्प बसण्यामुळे होतं.

पुढच्या वेळी फोनवर ‘चाललंय’ ऐकू आलं तर प्रबंध कुठवर आला हे विचारू नका. ‘तुला तिथे बरं वाटतंय ना?’ एवढं विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला तर मध्ये बोलू नका.