चक्रफूल ते टॅमिफ्लू: मधल्या पायऱ्यांचं काय?

फ्लूची साथ आली की चक्रफुलाच्या काढ्याचा संदेश मोबाइलवर फिरायला लागतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि टॅमिफ्लू हे नाव मराठी घराघरांत पोचलं. हे औषध चक्रफुलापासून बनतं, ही माहितीही त्याच्या मागोमाग आली आणि ती खरी आहे. मालवणी मसाल्यातलं हे फूल उकळून प्यायलं की टॅमिफ्लू घेतल्यासारखंच, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. एखाद्या झाडाच्या औषधी गुणांचा पुरावा समोर आला, की तो नेमका कशाचा आहे हे आधी विचारायला हवं. तो झाडाचा आहे, झाडातल्या एखाद्या द्रव्याचा आहे, की त्या द्रव्यापासून प्रयोगशाळेत घडवलेल्या वेगळ्याच रेणूचा? या तिन्हींची सरमिसळ कशी होते, हे चक्रफुलाइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसतं.

चक्रफुलाचं झाड सदाहरित. दक्षिण चीनमधला ग्वांगशी प्रांत आणि त्याला लागून असलेला व्हिएतनामचा उत्तर भाग हे त्याचं घर. आपण ज्याला फूल म्हणतो ते खरं तर फळ असतं: साधारण आठ होडक्या एका केंद्राभोवती जुळलेल्या, प्रत्येकीत एक चकचकीत तपकिरी बी. या फळात शिकिमिक आम्ल भरपूर असतं. ते पहिल्यांदा वेगळं केलं जपानमध्ये काम करणाऱ्या योहान आयकमन या डच रसायनशास्त्रज्ञाने, १८८५ मध्ये, आणि तेही या झाडाच्या विषारी जपानी भाऊबंदाच्या फळातून. हे आम्ल सगळ्याच वनस्पती आपल्या पेशींत बनवत असतात. चक्रफुलात ते काढून घेण्याजोग्या प्रमाणात साठतं, एवढंच त्याचं वेगळेपण. गिलिअड या अमेरिकी कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात ओसेल्टामिविर घडवलं, रोश कंपनीने ते टॅमिफ्लू या नावाने बाजारात आणलं आणि १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच्या उत्पादनासाठी शिकिमिक आम्लाचा सांगाडा सोयीचा ठरला, कारण सहा कार्बनचं कडं आणि त्यावर हव्या त्या दिशांना रोखलेले तीन हायड्रॉक्सिल गट त्यात आयतेच मिळतात. मग सुरू होतं खरं काम. एका हायड्रॉक्सिलच्या जागी कार्बनची फांदी असलेला गट येतो, दुसऱ्याच्या जागी अॅसिटामाइड, तिसऱ्याच्या जागी अमाइन. सुमारे दहा टप्प्यांची ही प्रक्रिया आहे आणि त्यातले काही टप्पे स्फोटक रसायनं हाताळायला लावणारे आहेत. या बदलांनंतरच तो रेणू फ्लूच्या विषाणूवरच्या न्यूरामिनिडेज या विकराच्या खोबणीत घट्ट बसतो आणि नव्या विषाणूंना पेशीपासून सुटू देत नाही. मूळ शिकिमिक आम्लाला हे साधत नाही. काढ्यात ते कितीही उतरलं, तरी आपल्या शरीरात त्याचं ओसेल्टामिविर होण्याची कोणतीही वाट नाही.

आणि त्या तयार औषधाचा तरी पुरावा किती भक्कम आहे? वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी कंपन्यांकडून चाचण्यांचे मूळ अहवाल मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये आपला आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार प्रौढांमध्ये लक्षणांचा काळ सरासरी सात दिवसांवरून ६.३ दिवसांवर येतो, म्हणजे सतरा तासांच्या आसपास वाचतात. रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण घटल्याचं त्या चाचण्यांत दिसलं नाही. मळमळ आणि उलट्या मात्र वाढल्या. दुसऱ्या बाजूला, २००९ च्या साथीत रुग्णालयांत दाखल झालेल्या २९ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर, हे औषध लवकर मिळालेल्यांमध्ये मृत्यू कमी आढळले. पण या नुसत्या नोंदी आहेत, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली चाचणी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये हे औषध अत्यावश्यक यादीच्या मुख्य भागातून पूरक भागात हलवलं. इतकी छाननी झालेल्या औषधाबद्दल तज्ज्ञ इतकं तोलूनमापून बोलतात. चक्रफुलाच्या काढ्याने तर यातली पहिली पायरीही चढलेली नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला गंभीर वाटतो. झाडाच्या काढ्यावर पेटंट मिळत नाही, मग त्याच्या चाचण्यांवर पैसा कोण घालणार? पुरावा नाही याचा अर्थ गुण नाही असा कसा घ्यायचा? तसा अर्थ घेऊच नये. चक्रफुलाच्या तेलात मुख्यत्वे अॅनेथोल असतं आणि काचेच्या तबकडीत ते काही जिवाणू व बुरशी रोखतं, हे अनेकदा दिसलं आहे. चिनी वैद्यकात पोटदुखी आणि थंडीच्या विकारांवर चक्रफूल पूर्वापार वापरतात, तो अनुभवही शोधाला दिशा देऊ शकतो. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी जुन्या चिनी ग्रंथांतल्या नोंदींचा माग काढत मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधलं आणि २०१५ मध्ये नोबेल मिळवलं. पण त्यांनी ग्रंथावर काम थांबवलं नाही. अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, आधी स्वतः घेतला आणि मग रुग्णांना दिला. शिवाय आर्टेमिसिनिन हे त्या वनस्पतीतलंच द्रव्य असूनही तिचा चहा मलेरियावर घेऊ नये, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण मात्रा राखता येत नाही. खासगी कंपन्या पैसा घालत नसतील, तर तो सरकारी संशोधन संस्थांनी घालावा, ही मागणी आपण जोर लावून करायला हवी. चाचणी झालीच आहे असं समजून चालणं हा तिला पर्याय होऊ शकत नाही.

'मसाल्याचाच तर जिन्नस, अपाय काय होणार?' हा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत धोक्याचा. आयकमनच्या त्या जपानी झाडाच्या फळात अॅनिसाटिन हे विष असतं. मेंदूतली आवर घालणारी यंत्रणा ते बंद पाडतं आणि माणसाला झटके येतात. त्याचं फळ थोडं लहान, टोकाशी अधिक वाकडं. पण सुकल्यावर फरक ओळखणं अवघड आणि पूड केल्यावर नजरेने अशक्य. २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये चक्रफुलाच्या चहात ही भेसळ झाली आणि लोक आजारी पडले. २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असा चहा न पिण्याचा इशारा दिला, तेव्हा बाधा झालेल्या सुमारे ४० जणांत १५ तान्ही बाळं होती. रश्शात पडणारी एखाद-दुसरी पाकळी वेगळी आणि मूठभर फळं उकळून रोज घेतलेला काढा वेगळा. तेव्हा पोट दुखतंय म्हणून तान्ह्या बाळाला चक्रफुलाचं पाणी पाजू नका. घरात वयस्क, गरोदर किंवा दम्याचं माणूस असेल आणि त्याला फ्लूची लक्षणं दिसली, तर काढ्यात वेळ न घालवता पहिल्या ४८ तासांत डॉक्टरकडे न्या. ओसेल्टामिविर द्यायचंच ठरलं तर त्याचा उपयोग मुख्यतः तेवढ्याच अवधीत होतो.