शाळेचा बाक कोणीं पुसावा?

चौक म्हटलें कीं लोकांना धारावीचा किल्ला आणि १७३९ सालची चिमाजी अप्पाची मोहीम आठवते. बुरूज पाहावयास माणसें दुरून येतात. त्याच गांवांतल्या कोळ्यांचीं पोरें ज्या बाकांवर बसतात ते बाक शेवटचे केव्हां पुसले, हें विचारावयास किती येतात?

जुलाब, ओकाऱ्या, डोळे येणें, हातापायांवर व तोंडांत फोड आणणारा ताप, हे रोग एका पोराच्या हातावरून दाराच्या कडीवर, कडीवरून नळाच्या तोटीवर, तेथून दुसऱ्याच्या हातावर आणि मग डब्यांतल्या भाकरीवर जातात. २०२० सालीं करोनाच्या साथींत सगळा देश फवाऱ्यामागें लागला. माणसांवर औषध फवारूं नका, असें केंद्राच्या आरोग्य खात्याला त्या एप्रिलांत सांगावें लागलें. पुढें कळलें कीं तो रोग मुख्यतः हवेंतून पसरतो. त्याला उघड्या खिडक्या हव्या होत्या. म्हणून पुसणेंच व्यर्थ ठरलें, असें म्हणणाऱ्या पंडितांची आम्हांस कींव येते. करोनाची लाट ओसरली, जुलाब कोठें ओसरला? मासळीची पाटी घेऊन पहाटे बाजार गांठणारी कोळीण पोर आजारी पडलें कीं घरीं बसते, आणि त्या दिवसाची कमाई बुडते. तिला हा हिशेब कोणीं शिकवावा लागत नाहीं.

औषध मारलें म्हणजे स्वच्छता झाली, ही समजूत मोडली पाहिजे. मळक्या बाकावर ब्लीचिंग पावडरचें पाणी ओतलें तर त्याचा जोर मळाशीं भांडण्यांतच संपतो. आधीं साबणानें घासावें. मग लिटरभर पाण्यांत ३-४ ग्रॅम ताजी पावडर कालवून वरचें निवळ पाणी फिरवावें, १० मिनिटें राहूं द्यावें, आणि साध्या पाण्यानें पुसून घ्यावें. चौकासारख्या खाऱ्या, दमट वाऱ्याच्या गांवीं पिशवी उघडी राहिली कीं पावसाळ्यांत क्लोरीन उडून जातो; मागें उरतो तो बहुतेक चुनाच. संडासाच्या ॲसिडांत ही पावडर कधींही मिसळूं नये, निघणारा वायू छाती जाळतो. आणि हातांना चोळावयाचें तें सुवासिक सॅनिटायझर! ओकाऱ्यांचे कांहीं विषाणू त्यानें नीट मरत नाहींत. साबण आणि वाहतें पाणी, याला तोड नाहीं.

आतां मुद्द्याची गोष्ट. हें रोज करणार कोण? झाडू द्यावयाची वेळ आली कीं मास्तरांची नजर ठराविक वस्तीच्या पोरावर जाऊन थांबते, हा अनुभव बहुजनसमाजाला नवा नाहीं. झाडू वाईट नव्हे. गाडगेबाबांनीं तो जन्मभर हातीं धरला. तो एकाच जातीच्या हातीं देणें वाईट. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहून आपलीं कामें आपणच करीत. तसा आपला बाक कोरड्या वा ओल्या फडक्यानें पुसण्याची पाळी हजेरीपटाच्या अनुक्रमानें लावावी. त्यांतून सरपंचाचा, नगरसेवकाचा, कोणाचाच लेक सुटूं नये. मात्र औषधाचें पाणी आणि संडास यांना मुलांचा हात लागतां कामा नये. त्याला पगारी माणूस हवा, हातमोजे हवेत, आणि पगार महिन्याच्या महिन्याला हवा.

प्रत्येक शाळेंत सहा महिन्यांत संडास व पिण्याचें पाणी करा, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०१२ मध्यें फर्माविलें. विटा रचल्या कीं हुकूम पाळला, असें सरकारी कागद मानतो. धुण्याचें पाणी आणि धुणाऱ्याची भाकरी त्या कागदांत कोणत्या रकान्यांत बसते? मीरा-भाईंदर महानगरपालिकेनें आपल्या प्रत्येक शाळेच्या दाराशीं फळा लावावा: आज कोणीं पुसलें, केव्हां, आणि पावडर कोणत्या महिन्याची. येत्या जूनमध्यें शाळा उघडतील तेव्हां चौकच्या आयाबापांनीं तो फळा पाहावयास जावें, आणि पुस्तकांची यादी मागतां मागतां साबणाचा हिशेबही मागावा.