डोकं हातात, धड इंजिनात

तर झालं असं, की मागच्या शनिवारी मी बाबांच्या आरएक्स हंड्रेडचा एक स्क्रू तोडला. तोडला म्हणजे अक्षरशः. डोकं माझ्या हातात, धड इंजिनात.

ज्यांनी कळत्या वयात थेट पल्सरच बघितली त्यांच्यासाठी सांगते. यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक, आपल्याकडे १९८५ ते १९९६ बनायची. आमची १९९४ची. तिच्या टाकीवर बसून मी बालवाडीत गेलेय. गेली सात वर्षं ती पार्किंगमध्ये उभी आहे आणि आता एक गिऱ्हाईक रविवारी बघायला येणार होतं. चालू असली तर एक भाव, बंद असली तर भंगाराच्या जरासा वर. बाबा तयार होते. "जागा अडते गं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, निदान एकदा सुरू तर करून बघू!

स्पार्क येत नव्हता. म्हणजे मॅग्नेटोवरचं कव्हर उघडायचं. सोप्पं. चार-पाच प्लसचे स्क्रू आणि माझ्याकडे किचनच्या ड्रॉवरमधला स्क्रू ड्रायव्हर. पहिल्याच स्क्रूला तो गर्रकन् फिरला आणि प्लसचा झाला गोल खड्डा. नंतर कळलं, की जपानी स्क्रूंचा प्लस वेगळ्या मापाचा असतो. वरून सेम टू सेम दिसतो, पण नेहमीचा फिलिप्स त्यात नीट बसत नाही, वर सरकतो. त्यावर औषध म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर. वरून हातोडी मारली की टोक खाली दाबलं जातं आणि त्याच ठोक्यात फिरतं. बोहरी आळीतून तो आणला, बाकीचे स्क्रू लोण्यासारखे निघाले. आणि मग मला चढली मस्ती. उरलेल्या त्या एकाला छिन्नी लावली. डोकं उडालं! कव्हर निघालं, पण बोटाच्या पेराएवढा तुकडा केसिंगमधून वर उभा. तो पकडीत धरून मी सगळा जीव काढून पिळला.

कट्! आता तर पृष्ठभागाला समांतर. धरायलाही काही नाही. वरच्या बाल्कनीतून बाबा बघत होते. काही बोलले नाहीत, आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं, यार.

रविवारी गिऱ्हाईक, आणि माझी एक स्टोरीची डेडलाइन बुधवारी. सोमवारी गाडी टेम्पोत घालून नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये. तिथल्या मामांनी बॅटरी टाकल्यासारखा चेहरा करून सगळं ऐकलं. मी ऑनलाइन मागवलेला ईझी-आउटचा सेट अभिमानाने पुढे केला. म्हणजे तुटक्या बोल्टात भोक पाडून उलट्या आट्यांनी घुसवायची ती खिट्टी. मामांनी तो डबा सरळ बाजूला ठेवला.

"ताई, हे लई कडक असतंय. बारक्या बोल्टात हेच मोडलं ना, की साधं ड्रिल लागत न्हाई त्याला. मग बसा बोंबलत."

मग त्यांनी काय केलं? काहीच नाही. तेल सोडलं आणि म्हणाले, उद्या या. मंगळवारीही तेच. मला वाटलं टाळतायत. पण गंमत अशी, की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे आतून आवळले जातात. तेल त्या फटीत शिरायला वेळ लागतो, आणि मी शनिवारी त्याला जेमतेम दहा मिनिटं दिली होती. त्यातून केसिंग अॅल्युमिनियमचं, स्क्रू लोखंडाचा. दोन धातू आणि ओल एकत्र आली की सडणं आणखी वाढतं. पण गरम केल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणजे जे भांडण लावतं तेच सोडवतंही.

बुधवारी मामांनी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली, बॅटरी काढली, कॉइलची प्लेट सोडवली. (हे मी केलं असतं का? नसतं.) तुटक्या स्क्रूवर एक नट ठेवला आणि त्याच्या भोकातून वेल्डिंग केलं. वेल्ड लोखंडाला धरतं, भोवतीच्या अॅल्युमिनियमला नाही. नट निघाला. परत. परत निघाला. माझ्या पोटात गोळा. तिसऱ्यांदा धरला. मामा चक्क बिडी ओढायला बाहेर गेले. थंड होऊ द्यायचं म्हणे. मग दहाचा पाना, जरासा डावीकडे, जरासा उजवीकडे. पुन्हा तेल. पुन्हा डावीकडे. एक 'कुर्र' असा आवाज आला आणि मी गॅरेजमध्ये किंचाळले.

आटे टॅप फिरवून साफ केले. शाबूत होते. स्टोरी एक दिवस उशिरा गेली, एडिटरच्या शिव्या खाल्ल्या.

शनिवारी नवे अॅलन बोल्ट घेऊन खाली बसले, तर बाबा उतरले. माझ्या हातातली की काढून घेतली. "आधी बोटांनी," म्हणाले. आट्यांना अँटी-सीझ लावून तीन-चार वेढे बोटांनीच घातले आणि मग हलकेच की लावली. पॉइंट घासले होते, तरी गाडी सुरू झाली नाही. बाबांनी कार्बोरेटर खोलला.

रविवारी अकराला गिऱ्हाइकाचा फोन आला. बाबांचे हात काळे होते, म्हणून स्पीकरवर मीच धरला.

"अजून खोललेली आहे हो," बाबा म्हणाले. "दिवाळीनंतर बघू."