शेतावरचे पॅनेल स्थिरच बरे

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सूर्यामागे फिरणारा नव्हे, तर स्थिर सांगाडाच द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फिरत्या सांगाड्यावर वीज जास्त मिळते, हे खरेच. एका अक्षावर फिरणारा ट्रॅकर साधारण 15 ते 20 टक्के भर घालतो, तोही मुख्यतः सकाळी आणि सायंकाळी. पण त्याला मोटर, बेअरिंग, नियंत्रक लागतो. योजनेतील देखभालीची हमी 5 वर्षांची. पॅनेल मात्र 25 वर्षांच्या हिशेबाने बसवलेले. सहाव्या वर्षी ट्रॅकर पश्चिमेकडे तोंड करून अडकला, तर सकाळचे पाणी गेलेच. त्याचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतील, असे मानणे भाबडेपणाचे. पाच अश्वशक्तीच्या पंपाला तेवढी वाढीव वीज दोन-एक पॅनेल जादा बसवूनही मिळते. आणि पॅनेल आता पूर्वीइतके महाग राहिलेले नाही.

शेकडो एकरांवरील प्रकल्पांची गोष्ट वेगळी. तिथे तंत्रज्ञ दिमतीला असतात.

महावितरणने शेतावर स्थिर सांगाडा बंधनकारक करावा आणि वळवाच्या वाऱ्यात तो उखडणार नाही, याची पायापासून तपासणी झाल्याखेरीज ठेकेदाराचे बिल मंजूर करू नये.