घर मुलासाठीं, कीं मूल घरासाठीं ?

अपत्याची इच्छा मनुष्यमात्राच्या ठिकाणीं इतकी स्वाभाविक आहे कीं, ती ज्यांची सफळ होत नाहीं त्यांच्या दुःखाची थट्टा करणारा मनुष्य विरळाच. आपल्या देशांत दत्तक घेण्याची चाल फार जुनी आहे. परंतु पूर्वीं ती बहुधा वंश चालावा, पितरांचें श्राद्ध व्हावें आणि इस्टेटीस वारस मिळावा एवढ्याकरितां असे. मूल भाऊबंदांतलें घ्यावयाचें, आणि तें मुलगाच असावयाचें, असा शिरस्ता होता. आज दत्तविधानाचा हेतु पालटला आहे आणि त्याचें क्षेत्रहि वाढलें आहे. युरोपांतील किंवा अमेरिकेंतील एखादें दांपत्य हजारों कोस प्रवास करून आपल्याकडील बालगृहाच्या दाराशीं येतें, आणि ज्याची भाषा आपल्यास येत नाहीं अशा बालकास ‘हें आमचें’ म्हणून उचलून घेतें. हें दृश्य पाहून सहृदय माणसास संतोष वाटावा, हें योग्यच आहे.

परंतु त्या दारापर्यंत पोंचण्यास अशा दांपत्यास पुष्कळदां दोन, तीन किंवा त्याहूनहि अधिक वर्षें लागतात. तेव्हां लोक विचारतात, ‘इकडे मूल पोरकें आहे, तिकडे घर रिकामें आहे, मग मध्यें हा कागदांचा डोंगर कशाला?’ प्रश्न कळवळ्याचा आहे, यांत शंका नाहीं. तथापि आमचें मत असें आहे कीं, ह्या डोंगराचा बराचसा भाग मुलाच्या रक्षणासाठीं उभा केलेला आहे. आणि जो भाग तसा नाहीं, तो मात्र अवश्य खणून काढला पाहिजे. ह्या दोन भागांतील भेद आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावा, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

आपण असें समजूं कीं, इटली देशांतील एक दांपत्य आहे. तेथील १९८३ च्या कायद्याप्रमाणें विवाहास तीन वर्षें झालेलीं असावीं लागतात. प्रथम तें बालन्यायालयाकडे अर्ज करितें. मग समाजसेवक व मानसशास्त्रज्ञ त्यांच्याशीं वारंवार बोलतात. तुमचें स्वतःचें बालपण कसें गेलें ? तुमचें एकमेकांशीं पटतें काय ? मिळकत किती ? आजोबा-आजी ह्या मुलास नातवंड मानतील काय ? त्याच्या वर्णावरून कोणी कांहीं बोललें तर तुम्ही काय कराल ? घरांत मूल जन्मास येणार असतें तेव्हां हे प्रश्न कोणी विचारीत नाहीं, म्हणून पतिपत्नींस हा अपमान वाटण्याचा संभव आहे. परंतु जें मूल एकदां आपलें घर गमावून बसलें आहे, त्यास दुसऱ्यानें घर गमावण्याची पाळी येऊं नये, म्हणून ही चौकशी आहे. न्यायालयानें पात्रतेचा हुकूम दिला म्हणजे दांपत्यानें एका वर्षाच्या आंत सरकारमान्य संस्थेकडे जावयाचें असतें. तेथून सर्व कागद साक्षांकित होऊन दिल्लीस केंद्रीय दत्तक-ग्रहण संसाधन प्राधिकरणाकडे येतात. ह्या कार्यालयास त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘कारा’ असें म्हणतात.

आतां इकडील बाजू पाहूं. मूल बालगृहांत आहे एवढ्यावरून तें दत्तक देण्यास मोकळें झालें, असें नाहीं. आईबापांनीं स्वतः आणून सोंपविलें असल्यास त्यांस फेरविचार करण्यास दोन महिन्यांची मुदत आहे. रस्त्यावर सांपडलेलें मूल असल्यास त्याच्या आईबापांचा शोध करावा लागतो. आणि मगच बालकल्याण समिति तें मूल कायद्यानें मोकळें असल्याचें जाहीर करिते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाविषयीं हा निर्णय दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाविषयीं चार महिन्यांत व्हावा, असें २०१५ च्या बालन्याय अधिनियमांत सांगितलें आहे. त्यानंतरहि प्रथम भारतांतील व परदेशीं राहणाऱ्या भारतीय कुटुंबांत त्याच्यासाठीं घर पाहावयाचें. साठ दिवसांत तें न मिळालें तर मग परदेशीय दांपत्याचा विचार. तेव्हां कोठें मुलाचा वैद्यकीय अहवाल व त्याच्या स्वभावाचा आणि वाढीचा वृत्तांत इटलींतील त्या घरीं जातो. दांपत्यानें होकार दिला म्हणजे काराचें ना-हरकत पत्र, मग दत्तविधानाचा हुकूम, मग जन्मदाखला, पासपोर्ट आणि व्हिसा. हुकूम देण्याचें काम पूर्वीं न्यायालयाकडे असे; २०२१ च्या दुरुस्तीनें तें जिल्हादंडाधिकाऱ्याकडे सोंपविलें. मूल परदेशीं गेल्यावरहि दोन वर्षेंपर्यंत त्याच्या कुशलाचे अहवाल इकडे यावे लागतात. पहिल्या वर्षीं दर तीन महिन्यांनीं आणि दुसऱ्या वर्षीं दर सहा महिन्यांनीं.

इतके निर्बंध कां घालावे लागले, ह्याचें उत्तर इतिहासांत आहे. कोरियांतील युद्ध १९५३ मध्यें थांबलें तेव्हां तेथें पोरक्या मुलांची संख्या मोठी होती. अमेरिकेच्या ऑरेगन प्रांतांतील हॅरी व बर्था होल्ट ह्या शेतकरी दांपत्यानें १९५५ सालीं तेथील आठ मुलें दत्तक घेतलीं. त्याकरितां अमेरिकेच्या काँग्रेसला खास कायदा करावा लागला. त्यांच्या उदाहरणानें पुष्कळांस स्फूर्ति झाली. परंतु पुढें युद्धाच्या खुणा बुजल्या, तरी मुलांचें जाणें थांबलें नाहीं. कोरियांतून परदेशीं गेलेल्या मुलांची एकंदर संख्या सुमारें दोन लाख सांगतात. मार्च २०२५ मध्यें त्याच देशाच्या सत्यशोधन आयोगानें असें जाहीर केलें कीं, ह्यांतील कित्येक प्रकरणांत कागद खोटे केलेले होते. आईबाप हयात असतांहि मुलें ‘अनाथ’ म्हणून नोंदलीं गेलीं होतीं, आणि त्यांचे हक्क राखण्यांत सरकारनें कसूर केली होती. जीं माणसें परदेशीं प्रेमानें वाढलीं, त्यांस पन्नाशीच्या वयांत आपल्या जन्माची कथा खोटी होती असें कळावें, ह्याहून मोठें दुःख तें कोणतें ?

आपला देशहि ह्या दोषापासून मुक्त नव्हता. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वयें परदेशीय माणसास येथें केवळ पालक नेमीत, आणि दत्तविधान त्याच्या देशीं जाऊन होई. मध्यंतरीं मुलाचें काय झालें हें पाहणारें कोणी नसे. लक्ष्मीकांत पांडे ह्या वकिलांनीं १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिलें, व परदेशीं मुलें देण्याच्या नांवाखालीं चालणाऱ्या गैरव्यवहाराकडे लक्ष वेधलें. तें पत्रच अर्ज म्हणून दाखल झालें, आणि न्यायमूर्ति भगवती ह्यांनीं १९८४ मध्यें जो निकाल दिला त्यानें ह्या व्यवहारास प्रथमच सुसूत्र नियम घालून दिले. पुढें २९ मे १९९३ रोजीं हेग येथें राष्ट्राराष्ट्रांचा करार झाला. भारतानें त्यास २००३ मध्यें मान्यता दिली. ह्या करारांत असें म्हटलें आहे कीं, आईची संमति मुलाच्या जन्मानंतरच घ्यावी, ती पैशाच्या लोभानें मिळविलेली नसावी, आणि मुलाच्या मूळ कुळाची माहिती जपून ठेवावी. मुलाची खरेदी-विक्री करणारास आपल्या कायद्यांत पांच वर्षेंपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड सांगितला आहे.

कोणी म्हणेल कीं, लबाडांसाठीं केलेल्या ह्या नियमांचा भार सज्जनांनीं कां सोसावा ? त्यास एक प्रसिद्ध उदाहरण सांगतों. मध्यप्रदेशांतील खंडवा येथला सरू नांवाचा पांच वर्षांचा मुलगा १९८६ सालीं आगगाडींत झोंपी गेला आणि थेट कलकत्त्यास पोंचला. गांवाचें नांव त्यास नीट सांगतां येईना, त्यामुळें घर सांपडेना. अखेर ऑस्ट्रेलियांतील टास्मानिया बेटावरच्या एका दांपत्यानें त्यास दत्तक घेतलें व उत्तम प्रकारें वाढविलें. मोठेपणीं त्यानें उपग्रहावरून घेतलेले नकाशे महिनोन् महिने धुंडाळले, आणि २०१२ मध्यें तो आपल्या जन्मदात्या आईपुढें जाऊन उभा राहिला. ती त्याची वाट पाहत त्याच परिसरांत राहिली होती. येथें कोणीहि लबाड नव्हतें. दोन्ही घरांचें प्रेम निर्मळ होतें. तरीहि एका मातेनें पंचवीस वर्षें आपल्या मुलाचा शोक केला. सज्जनांच्या हातूनहि असें होऊं शकतें, म्हणून शोधाला पुरेसा वेळ दिला पाहिजे, आणि नोंद खरी ठेविली पाहिजे. इटलींतील आपल्या दांपत्यास ही गोष्ट कोणी समजावून सांगितली, तर प्रतीक्षेचे ते महिने त्यांस पुष्कळ सुसह्य होतील, असें आम्हांस वाटतें. आपल्या मुलानें पुढें ‘माझी आई कोण होती ?’ असें विचारलें, तर त्याच्यापुढें ठेवण्यास त्यांच्यापाशीं खरें उत्तर असेल.

तथापि ह्यावरून सर्वच विलंबाचें समर्थन होतें, असें मात्र कोणी समजूं नये. मेजावर पडून राहिलेली फाईल, भरावयाची राहिलेली एक जागा, रजेवर गेलेला कारकून, ह्यांपायीं जे महिने जातात ते मुलाच्या आयुष्यांतून जातात. मोठ्या माणसाचें एक वर्ष म्हणजे एक वर्ष; दोन वर्षांच्या बालकाचें तें अर्धें आयुष्य होय. त्याचप्रमाणें दोष आढळले म्हणून दारच बंद करून टाकावें, हेंहि आम्हांस सर्वस्वीं पसंत नाहीं. चीननें २०२४ सालीं परदेशीय दत्तविधान जवळजवळ सर्वथा बंद केलें. त्या वेळीं ज्या मुलांची अमुक घरीं जाण्याची निवड आधींच झाली होती, अशीं कित्येक मुलें मागें राहिलीं. पंक्तीस बसविलेल्या मुलास पानावरून उठवावें, तसा हा प्रकार झाला. नियम कडक असावेत, परंतु ते चालविणारा हात चपळ असावा.

आतां आमच्या पालकवर्गास एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. २०१५ च्या कायद्यांत असें म्हटलें आहे कीं, अपंग मुलें, सख्खीं भावंडें आणि पांच वर्षांवरील मुलें ह्यांस परदेशीं देण्याच्या बाबतींत प्राधान्य देतां येईल. असें कां लिहावें लागलें ? कारण इकडील दांपत्यांस बहुतकरून तान्हें व निरोगी बालकच पाहिजे असतें. मुलगा सहा वर्षांचा आहे, मुलगी पायानें अधू आहे, दोघां बहीणभावंडांस ताटातूट न करितां एकत्र न्यावयाचें आहे, असें म्हटलें कीं आपलीं घरें मिटतात, आणि परक्या देशाचें घर उघडतें. तें मूल आपली भाषा विसरलें म्हणून मागाहून हळहळण्यापेक्षां, तें येथें असतांना आपण दार कां उघडलें नाहीं, हें स्वतःस विचारलेलें बरें.

‘परक्याचें रक्त’ म्हणून जे कचरतात, त्यांनीं पुण्याचेंच उदाहरण पाहावें. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८६३ सालीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. तेथें काशीबाई नांवाच्या एका ब्राह्मण विधवेस झालेला मुलगा त्यांनीं दत्तक घेतला व त्याचें नांव यशवंत ठेविलें. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाईंनीं रोग्यांची सेवा करितां करितां देह ठेविला, तेव्हां ह्या पुत्राचा दवाखानाच त्या सेवेचें ठिकाण होता. जात, रक्त व जन्मपत्रिका ह्यांची विचारपूस न करितां घेतलेला मुलगा ह्याहून अधिक काय करणार होता ?

शेवटीं, विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडेहि एक काम आहे. तुमच्या वर्गांत एखादा सोबती दत्तक घरीं वाढत असेल. त्यास ‘तुझे खरे आईबाप कोण ?’ असें विचारूं नका. जे त्याच्या तापांत रात्रभर उशाशीं बसतात, ते खरेच आहेत. आणि जिनें त्यास जन्म दिला तीहि खोटी नाहीं. त्याच्या जन्माची कथा ही त्याची स्वतःची ठेव आहे. ती केव्हां व कोणास सांगावयाची, हें त्यानें ठरवावें. तुम्ही त्यास खेळांत घ्या, डब्यांत वांटेकरी करा, आणि इतर मित्रांस वागवितां तसेंच वागवा. दांपत्यानें वर्षानुवर्षें खटपट करून त्यास घर मिळवून दिलें. त्याच्या घराबाहेरचें जग त्यास आपलेंसें वाटावें, ही खटपट आतां तुमची आहे.